नुसता नंबर

“हलू नका आबा, गळ्याशी वस्तरा आहे.”

आबा हलले नव्हते, हलला होता तो वस्तरा. आरशाखालच्या फळीवर फोन वाजत होता. दाढी करणाऱ्या कारागिराच्या हातांनी उभ्या जन्मात कुणाच्या गळ्यावर ओरखडा काढला नव्हता. पण एकुलता एक मुलगा सैन्याच्या प्रशिक्षणाला गेल्यापासून फोन वाजला की त्याचा जीव खालीवर व्हायचा.

“बघा हो, नाव कुणाचं आहे?” त्याचे हात फेसाने भरले होते.

आबांनी मान न हलवता डोळे तिरके केले. “नाव नाही. नुसता नंबर.”

“मग तोडा.”

आबांनी तोडला. लगेच पुन्हा वाजला. पुन्हा तोडला. “चिवट आहे लेकाचा,” आबा म्हणाले.

ही शिस्त मुलानेच लावली होती. एका भामट्याने फोनवर गोड गोड बोलून बापाला टोपी घालायचा घाट घातला होता, तेव्हापासून पोराने बजावलं होतं, “बाबा, नाव दिसलं तरच उचलायचा. नुसता नंबर असला की तोडायचा.” जाण्याआधी याच खुर्चीत बसून त्याने बापाकडून ते पुन्हा वदवून घेतलं होतं. तिथे परका माणूस पोराचं डोकं भादरणार, त्यापेक्षा आपणच कापू, म्हणून बाप मशीन फिरवत होता. मानेवरचा लहानपणीचा व्रण उघडा पडला, तेव्हा त्याने तिथे उगाच दोनदा पावडर लावली. त्यानंतर पोराची काहीच खबरबात नव्हती. बायको रोज दुकानात डबा घेऊन यायची आणि आधी “आला का फोन?” विचारायची. स्वतः मात्र चार घास चिवडून उठायची.

आबांचा दुसरा गाल उरला होता. त्यावर फिरता फिरता ब्रश थांबला.

“आबा, तिथे गेल्या गेल्या मोबाइल काढून घेतात ना हो?”

“घेत असतील.”

“मग त्याचं नाव दिसेल कसं?”

आबांनी अर्ध्या दाढीनिशीच फोन त्याच्यापुढे धरला. त्याने हात पँटला पुसले आणि तोच नंबर लावला. बराच वेळ रिंग वाजल्यावर तिथल्या ड्यूटीवरच्या माणसाने उचलला. बापाने पोराचं नाव सांगितलं.

“हो, लावला होता त्याने. आता सगळे रानात सरावाला निघाले. परत येईपर्यंत फोन नाही.”

“कधी येतील?”

“ते सांगता येत नाही, काका.” मग त्याचा आवाज जरा मऊ झाला. “दोनदाच लावू देतो आम्ही. दुसऱ्यांदा तुटला तेव्हा हसला तो. म्हणाला, मीच शिकवलंय त्यांना. आणि रांगेतल्या मागच्याला फोन दिला.”

कारागिराला रडू फुटत होतं. पण हातात वस्तरा घेऊन रडता येत नाही. त्याने आधी आबांचा गाल पुरा केला. आबा आपल्याच बोटाकडे बघत होते, फोन तोडणारं बोट तेच होतं.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. “आला का?”

त्याने आरशातच बघितलं. “आला.”

ती बाकावर बसली. “अगंबाई! काय म्हणाला?”

“हसला.”

“म्हणजे बरा आहे. माझं विचारलं?”

“फोन लगेच मागच्याला द्यावा लागला गं.”

“असू दे. हसला ना!” असं म्हणून तिने डबा उघडला आणि भूक लागलेल्या माणसासारखी स्वतःच जेवायला लागली. आबांनी टॉवेल तोंडावर दाबून धरला.

तिचं जेवण निम्मं झालं असेल, फोन वाजला. तिने डावा हात पुढे केला.

“नाव नाही हो यावर. तोडू?”

“नको!”

त्याने झडप घालून फोन उचलला. कुणी मुलगी पाणी गाळायचं यंत्र विकत होती. तो उभ्याने ऐकत राहिला, मध्येच “हो”, “बरं” म्हणत राहिला. शेवटी त्या मुलीनेच विचारलं, “काका, घ्यायचंय ना?”

“नाही बाळा,” तो म्हणाला. “पण तूच ठेव फोन. मी तोडत नाही.”