वीणेचा पहारा

शेजारच्या सरजाबाई परत आल्या आणि परत हात हलवतच आल्या, तेव्हा कडूबाईच्या मनात पाल चुकचुकली. आजाऱ्याला भेटायला येणारं माणूस चार केळी तरी आणतं. ही बाई नुसती बसते आणि म्हणते, "तू जरा पड गं माय, मी हाय."

कडूबाईचे मालक मुंजाजी. घशाचा कॅन्सर. नाकात नळी, आणि त्या नळीवाटे पेज नाहीतर डाळीचं गाळलेलं पाणी सोडायचं. सिरिंज उंच धरून, हळूहळू. लेक नांदायला लांब, घरात दुसरं कोणी नाही. देवगाव फाट्यापासून आत असलेल्या त्या गावात कडूबाईचा दिवस नळीपाशी उगवायचा आणि तिथंच मावळायचा.

मागच्या भेटीत थोरली नणंद कुसुमबाई बोलून गेली होती, "माझ्या भावाची नुसती हाडं राहिली. तुझ्याच्यानं व्हत न्हाई. पाथरीला माझ्याकडं नेते त्याला." तेव्हापासून या बायकांचं येणं. दुपारी सरजाबाई, दिवस कलता गल्लीतल्या पंडितची सून निकिता. एक डाळीच्या पाण्याचा वास घेऊन बघते, दुसरी विचारते काका झोपले का. एकदा तर सरजाबाई फोनवर हळूच म्हणत होत्या, "व्हय कुसुम, नळी साफ हाय," आणि कडूबाईला बघून गप्प झाल्या.

संशयाला अन्न लागत नाही, जागरणावरच तो पोसतो. डोळा लागला की मालकाला उचलून नेतील, म्हणून कडूबाईनं पडणंच सोडलं. फाईलीवाचून नेणार कुठं, म्हणून दवाखान्याची फाईलही गव्हाच्या कोठीत दडवली.

एके दिवशी गिरणीला जाते म्हणून ती डबा घेऊन निघाली आणि अंगणाच्या कडेला कापसाच्या पऱ्हाट्यांच्या ढिगामागं उभी राहिली. थोड्या वेळानं निकिता आली. सरजाबाई बाहेर आल्या, आणि त्या पांढऱ्या केसांच्या बाईनं वाकून कालच्या पोरीच्या पायांना हात लावला. निकिताही वाकली. मुंजाजींचं तोंड पुसायचा नॅपकिन या हातातून त्या हातात गेला.

सासूच्या वयाची बाई सुनेच्या पाया पडते? हा करणीचा उताराच असणार. कडूबाई पुढं झाली. "काय चाललंय हे? कुणाच्या सांगण्यावरनं?"

सरजाबाई उंबऱ्यावर टेकल्या. "खोटं न्हाई बोलत. कुसुमनंच सांगितलं व्हतं, भावजयीवर नजर ठेवा. पहिल्या दिवशी बघायलाच आले. तर तू बसल्या जागी झोपलेली, आन् सिरिंजीचा हात मातुर वरच. मला मुंजाजीच दिसला, सप्त्यात वीणा धरलेला."

हरिनाम सप्त्यात वीणा भुईला टेकवत नाहीत. नामाचा धागा तुटू नये म्हणून एकजण थकला की दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. तिथं वय बघत नाहीत. मुंजाजींनी कैक वर्षं तो पहारा केला होता.

"सप्ता एकट्यानं व्हतो का?" सरजाबाई म्हणाल्या. "म्हणून आमी पहारा लावला. तूच तेवढी वीणा सोडीनास."

"आन् आक्काला काय कळवलं?"

"भाऊ जागेवर बरा हाय, म्हणलं. तूबी येऊन पहारा घे. येते म्हणली."

"न्यायला का बसायला, ते कोण सांगावं," कडूबाई म्हणाली.

कुसुमबाई जीपमधून उतरली तेव्हा कडूबाईची नजर आधी थैलीवर गेली. थैली मोठी होती, रिकामीच असावी. भावाचे कपडे भरायला. पेज चालू होती म्हणून कडूबाई सिरिंज धरून जागची हलली नाही.

कुसुमबाईनं थैली कोनाड्याशी टेकवली. आतून तिचीच लुगडी डोकावली, वर जपमाळ. ती पलंगापाशी आली, कुरकुरत्या गुडघ्यांनी वाकली आणि धाकट्या भावजयीच्या पायांना हात लावला.

"दे," ती म्हणाली.

कडूबाईनं तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग सिरिंज तिच्या हातात दिली आणि स्वतः वाकली. "हात खाली घिऊ नका, आक्का."

मुंजाजींची बोटं छातीवर तार छेडल्यासारखी हलत होती. कडूबाई भिंतीलगत आडवी झाली, तोंड पलंगाकडंच ठेवून. नणंदेचा हात थरथरतो का, ते बघत राहिली. हात वरच होता. बघता बघता तिचा डोळा लागला.

फाईल मात्र कोठीतच राहिली.