वाचनालयाच्या आवारातली गाडी

टेक्सासची हद्द आमच्या गावच्या वाचनालयापासून चार मैलांवर. तिकडे गर्भपाताला बंदी, इकडे न्यू मेक्सिकोत मुभा. म्हणून आवारात परक्या गाड्या थांबत. आत एकटी बाई, काचा वर, हातात फोन. डॉक्टर फोनवरच तपासतात, पण त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तुम्ही आत्ता कुठे आहात?" "न्यू मेक्सिकोत" एवढं उत्तर देता यावं म्हणून या बायका हद्द ओलांडतात, आणि वाचनालयाचं फुकट वायफाय वापरतात.

गावात कुजबुज वाढली, तसा ग्रंथपाल ड्वेन चिडला. मंगळवारी भर दुपारी त्याने एका गाडीची काच ठोकली.

"गाडी हलवा. ही जागा वाचकांची आहे."

"दहा मिनिटं द्या हो! डॉक्टर बोलताहेत!"

"हलवा, नाहीतर पोलिसांना बोलावतो." आत जाऊन त्याने वायफायच बंद केलं.

निवृत्त शिक्षिका ओफेलिया बाका पुस्तकं परत करायला येत होत्या. स्टिअरिंगवर डोकं टेकून रडणारी बाई त्यांना दिसली. विचारपूस केल्यावर सगळं कळलं. तिचं नाव जोलीन. दोन मुलं शेजारणीकडे सोडून पाच तास गाडी हाकत आली होती. उद्या गर्भाला दहा आठवडे पूर्ण होणार, त्यानंतर हे डॉक्टर गर्भपाताच्या गोळ्या देत नाहीत.

बाका बाई तरातरा आत शिरल्या. "ड्वेन! चौथीत तुझ्यावर ओरडायचे तशी ओरडू का?"

"बाई, नियम आहे..."

"कुठला? दाखव मला."

"लोक बोलतात."

"हा नियम झाला? बरं, गेल्या गुरुवारी मागच्या खोलीत दार लावून कुणाशी बोलत होतास?"

"माझ्या हृदयाच्या डॉक्टरांशी. अल्बुकर्की शहर चार तास लांब आहे, बाई."

"त्यांनी तुला हात लावून तपासलं?"

"नाही. प्रश्न विचारले. गोळ्या पोस्टाने आल्या."

"मग तुझं ते औषधपाणी आणि तिचा तमाशा? तुला बंद खोली, आणि तिने पाळीची तारीख उन्हात, गाडीत बसून सांगायची! वर तू काच ठोकणार! लाज कशी वाटत नाही रे?"

"पण बाई, माझ्या मनाला ते पाप वाटतं."

"वाटू दे. तुझी श्रद्धा उद्याही तुझ्याजवळ राहील. तिची मुदत मात्र उद्या संपतेय."

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. ड्वेनचा चेहरा पडला. तो धावत सुटला!

"थांबा! ताई, थांबा! चुकलं माझं. आत या."

त्याने मागची खोली उघडून दिली, वायफाय सुरू केलं आणि स्वतः दाराबाहेर खुर्ची टाकून बसला. या गाड्यांबद्दल तक्रार करणारे गावातले एक गृहस्थ डोकावले, तेव्हा म्हणाला, "हळू बोला. आत डॉक्टरांशी बोलणं चाललंय. त्यात तुमचं काही काम नाही."

आत फोन लागला. तोच प्रश्न आला.

"न्यू मेक्सिकोत आहे," जोलीन म्हणाली. मग दाराकडे पाहून सावकाश म्हणाली, "एका खोलीत. दार लावलेलं आहे."

वाचकहो, आपलं दुखणं आपण बंद दाराआड, निर्धास्तपणे सांगतो. मग दुसरीचं दुखणं चव्हाट्यावर आणण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला? तिचा निर्णय पटो वा न पटो, तिच्या आणि तिच्या डॉक्टरांच्या मध्ये आपण उभं राहता कामा नये. उभं राहायचंच असेल, तर ड्वेनसारखं दाराबाहेर, राखणीला!