नळाचा दिवस

नळाच्या तोंडाला बांधलेल्या चिंधीवर अर्धा मोर होता. डोकं गाठीत गेलेलं, पिसारा तेवढा बाहेर, आणि चार-चार दिवसांनी येणाऱ्या गढूळ पाण्यानं त्याचा हिरवा रंग चहाच्या फडक्यासारखा झालेला… खुशालराव ड्रमच्या काठावर हात ठेवून त्याच्याकडे पाहत होते. अकरा वाजत आले होते. नळात नुसती हवा होती, मधूनच फुसफुसायची.

साडी जमुनाची. अमरावतीहून आणलेल्या गाठोड्यातून सुनेनं, मोनालीनं, ती काढली तेव्हा विचारलंही होतं, ‘बाबा, ही जुनी फाडू का, नळाले बांधाले?’ आणि ते म्हणाले होते, फाड. एवढंच. नाही म्हणायलाही एवढाच वेळ लागला असता.

ती जाऊन चौदा महिने झाले. राजापेठेतलं घर सोडून अकोल्याला मुलाकडे, विपुलकडे, येऊन तेरा. आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवलेल्या माणसाला आता या घरात आतून कडी लावता येईल अशी एकच जागा होती – ही न्हाणी. नळ आला की गल्लीतल्या मोटारी सुरू होतात, रिकाम्या ड्रममध्ये पाणी असं आदळतं की बाहेरचं आत ऐकू येत नाही, आणि आतलं बाहेर. चौथ्या दिवशी, तासभर. मधले तीन दिवस खुशालराव पेपर वाचतात. रडायला वार लागतो का माणसाला? मला लागतो.

त्यांचं तासभर आत राहणं मोनालीला पोटाचं दुखणं वाटलं. त्यांनीही मान डोलावली, आणि तेव्हापासून रोज जेवणानंतर इसबगोल. तीन महिने. धडधाकट पोटाला बिचाऱ्याला काही कळत नसेल.

तिनंच फोन करून नणंदेला बोलावलं. रागिणी काल अमरावतीहून आली – चौदा महिन्यांत बापाशी धड न बोललेली मुलगी, बापाच्या पोटासाठी आली. आज सकाळी विपुल आणि मोनाली कामावर गेल्यावर ती न्हाणीच्या दारात उभी राहिली.

“चारचा नंबर लावला डॉक्टरकडे.”

“कावून? मले काही झालं नाही.”

“तास तास आत राहता म्हणे. तेही नेमका नळ आल्यावर. आमच्या शेजारचे बुधाजी असंच करत, मंग निघालं मोठं दुखणं.”

“बुधाजी ऐंशीचा होता.”

“आन् तुमी का सोळाचे?”

ते हसले. तीही हसेल असं वाटलं, तेवढ्यात तिची नजर नळावर गेली.

“हे आईच्या साडीचं आहे. माह्या लग्नातली.” ती म्हणाली, “तुमाले काहीच नाही वाटलं?”

त्या क्षणी सांगता आलं असतं. घशाशी आलंही होतं. पण घशाशी आलेलं ते शब्द नव्हते, दुसरंच होतं, आणि ते तिच्यादेखत बाहेर पडू नये म्हणून खुशालराव घाईनं म्हणाले, “कापड चांगलं आहे. गाळ अडते.”

रागिणीनं त्यांच्याकडे पाहिलं. “त्या दिवशी चपला लावून राहिले होते तुमी,” ती हळूच म्हणाली. “आई घरात ठेवली होती, आन् तुमी पायरीवर लोकायच्या चपला लावत होते.” आणि शेजारच्या स्वयंपाकघरात निघून गेली.

हो. लावत होतो. जोडीला जोडी, तास-सव्वा तास. चपला लावणाऱ्या माणसाला खाली वाकावं लागतं, आणि वाकलेल्या माणसाचं तोंड कोणी बघत नाही – एवढी साधी गोष्ट. एका काळ्या सँडलवर दोन थेंब पडले होते, ते त्यांनी बाहीनं पुसले होते. कोणाची सँडल होती कोण जाणे.

माय गेली तेव्हा ते दहा वर्षांचे होते. चांदूर बाजारजवळचं घर. भेटायला बाया येत, आणि नवी बाई ओसरीवर आली की घरातल्या बाया तिच्या गळ्यात पडून पुन्हा पहिल्यापासून रडत. मग माणिकआत्या त्यांना बखोट धरून पुढे करी, ‘रड बापा, तुई माय गेली.’ ते रडत. बाया म्हणत, लेकराले समजते सारं. पाचव्या दिवशी डोळे कोरडे राहिले, तेव्हा आत्यानं मागून दंडाला चिमटा घेतला. पाणी आलं. बायांनी सुस्कारे सोडले. त्या पाण्यात माय नव्हती, चिमटा होता. मायचं पाणी त्यांनी संध्याकाळी कडब्याच्या गंजीआड जाऊन काढलं, एकट्यानं… म्हणून का हे लपून रडणं? की चौसष्ट वर्षं जवळ ठेवलेलं हे एक बरं कारण आहे, कोणी विचारलंच तर दाखवायला? कोणी विचारलं नाही ही गोष्ट वेगळी.

आणि रागिणीनं जे सांगितलं नाही, ते? त्या दिवशी ती आईच्या पायांवर डोकं आपटून रडत होती, तेव्हा तिला खांद्याला धरून उठवणारा मीच. ‘पुरे आता. लोक पाहून राहिले.’ ती गप्प झाली. एकदम, कळ दाबल्यासारखी. आत्यानं चिमटा घेऊन आणलं, मी पाच शब्दांत थांबवलं. दोघांनाही लोकच दिसत होते.

आज कडी लावायची नाही. हे त्यांनी सकाळीच ठरवलं होतं. नळ येईल, दार नुसतं लोटलेलं राहील, रागिणी केव्हातरी बादली घ्यायला येईल आणि बघेल. काही सांगावं लागणार नाही. चारच्या आत सारं उलगडेल.

नळ खाकरला. आधी मातकट पिचकारी, मग मोराच्या पिसाऱ्यातून जाड धार. गल्लीतल्या मोटारी गुरगुरू लागल्या. ड्रम गाजू लागला. खुशालरावांनी दार लोटलं आणि पाहिलं, तर हातानं कडी लावलेली होती. केव्हा लावली, कळलं नाही.

काढावी. काढतो… ते धारेकडे पाहत उभे राहिले. डोळ्यांत काहीच येईना. चौथा दिवस, पाणी जोरात, कडी पक्की, आणि आत कोरडं ठाक. कोणी मागून चिमटा घ्यावा असं वाटलं.

मग पाणी गेलं. दहा मिनिटंही झाली नव्हती. धार बारीक झाली, तुटली, आणि एकेक मोटार बंद पडत गल्ली शांत झाली.

भिंतीपलीकडे कोणीतरी रडत होतं.

तोंडात पदर कोंबून रडताना येतो तसा आवाज, हुंदक्याहून लहान, श्वासाहून मोठा. पाणी थांबल्याचं तिच्या ध्यानात यायला क्षणभर उशीर झाला असावा. मग तोही तुटला. एकदम. कळ दाबल्यासारखा.

म्हणजे तीही नळाची वाट पाहत होती.

खुशालराव खाकरले. सवयीनं, आतल्या माणसाला सावरायला वेळ मिळावा म्हणून – आणि खाकरल्यावर त्यांना समजलं की आपण पुन्हा तेच बोललो. पुरे आता.

कडी हाताशी होती. दार उघडलं, चार पावलं टाकली की स्वयंपाकघर. ती म्हणेल कांदा चिरत होते. मी म्हणेन बरं. आणि चार वाजता आम्ही दोघं डॉक्टरकडे जाऊन माझं पोट दाखवू.

त्यांनी प्लास्टिकचा मग उचलला. ड्रममधून भरून घेतला आणि उंचावरून फरशीवर ओतला. पुन्हा भरला, पुन्हा ओतला. चार दिवसांचं पाणी मोरीतून खळाळत वाहून जाऊ लागलं, आणि त्या आवाजाआड, भिंतीपलीकडे, भीत भीत, ते पुन्हा सुरू झालं. खुशालराव ओततच राहिले. हे आपण तिच्यासाठी करतो आहोत की दारापासून लांब राहावं म्हणून, ते त्यांना ठरवता येईना. आणि ड्रमचा तळ दिसू लागला होता.