एकशे तेराव्या पानाची कड

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. कादंबरी म्हटल्यावर लगेच कान टवकारू नका. माझ्यात राजा नाही, खजिना नाही, भूतही नाही. एक गवंडी घर सोडून पूल बांधायला जातो आणि बारा वर्षं तिकडेच राहतो, एवढीच माझी गोष्ट. पानं दोनशे चार. पुठ्ठा मुळात निळा होता, आता तपकिरी आहे, आणि या नव्या रूपात मी जास्त देखणी दिसते असं बघणारे म्हणतात. हे रूप मला कसं मिळालं तेच सांगायचं आहे. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून टाकते.

छापखान्यातून मी थेट एका वाचनालयात आले. खाली सायकलदुरुस्तीचं दुकान आणि वर दोन खोल्या. आयुष्यातली पहिली अकरा वर्षं मी तिथे खिडकीजवळच्या कपाटात उभी होते. त्या काळात मला तिघांनी घरी नेलं. एक निवृत्त कारकून विसाव्या पानावर झोपले ते झोपलेच, आणि दुसऱ्या दिवशी मला परत करून गेले. दुसऱ्या एका बाईंनी माझा उपयोग डगमगत्या टेबलाच्या पायाखाली केला. तिसऱ्याबद्दल न बोललेलं बरं. खिडकीतून पावसाची झड यायची, त्यामुळे माझ्या कडांवर डाग पडले आणि शिवण सैल झाली.

वाचनालयाचे ग्रंथपाल उंच, किडकिडीत आणि स्वच्छतेचे भोक्ते होते. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांच्या टेबलामागे एक पाटी होती: 'पुस्तकात लिहिणाऱ्याचे नाव सभासदांतून कमी केले जाईल.' नवा सभासद आला की सर ती पाटी त्याला मोठ्याने वाचून दाखवत, जणू समोरच्याला अक्षरओळखच नाही. मला ते आवडायचे. आमच्यावरची धूळ ते स्वतःच्या रुमालाने पुसत.

मग ती आली. वय वर्षं तेरा, दोन वेण्या, त्यातली एक नेहमी सुटलेली. घरी तिला शंकासूर म्हणत, कारण तिला प्रत्येक गोष्टीत शंका. तिने मला कपाटातून काढलं, शेवटचं पान आधी वाचलं, नाक मुरडलं आणि तरीही घरी नेलं. चार दिवसांत वाचून परत केलं आणि महिन्याभरात पुन्हा नेलं. असं चार वेळा झालं. अकरा वर्षं कपाटात काढलेल्या पुस्तकाला चार वेळा नेणं म्हणजे काय, हे तुम्हाला कळायचं नाही.

तिचं घर म्हणजे मधोमध पडदा लावलेली एक लांबट खोली. पडद्याच्या आत शिवणयंत्र, बाहेर जेवणाचं आणि अभ्यासाचं एकच टेबल. आई लोकांचे कपडे शिवायची, उसवलेले सांधायची. घरात माणसं दोनच, आणि दोघींचं बरं चाललं होतं. पोर टेबलाशी बसून वाचता वाचता मध्येच ओरडून विचारायची, "आई, हा गवंडी घरी का जात नाही?" आत यंत्र थांबायचं. "त्याला विचार," असं उत्तर यायचं आणि यंत्र पुन्हा सुरू व्हायचं.

तिची एक जाड वही होती. आवडलेल्या प्रत्येक कादंबरीला त्यात चार-पाच पानं. वर कादंबरीचं नाव आणि खाली दोन भाग: 'आवडलेली माणसं' आणि 'शिकले ते'. मी शेजारी पडून सगळं वाचत असे. एके ठिकाणी लिहिलं होतं, 'कादंबरीत जे कमी बोलतात त्यांच्यावर लक्ष ठेवावं, शेवटी तेच काहीतरी करतात.' दुसरीकडे, 'वाईट माणूस आल्या आल्या लेखक त्याला घोगरा आवाज देतो. आमच्या शाळेत असं ओळखता येत नाही.' माझ्या शेवटच्या पानावर लेखकाने ठळक वाक्य टाकलं आहे की कर्तव्य घरापेक्षा मोठं असतं. त्यावर तिने लिहिलं, 'लेखकाची घरी कुणी वाट बघत नसावं.' मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, मला हसू आलं.

गणिताचा पेपर घरी आला त्या दुपारी मी टेबलावरच होते. शंभरपैकी अकरा गुण. आईने पेपर बघितला, मग वही उघडली, आणि बराच वेळ पानं उलटत राहिली.

"दुसऱ्यांच्या आयुष्यावर पानंच्या पानं लिहितेस," आई म्हणाली, "आणि स्वतःच्या आयुष्यात अकरा?"

"आई, ती वही दे."

"देते ना."

आईने वही मधून उभी फाडली. जाड होती, एका झटक्यात फाटेना, म्हणून दोनदा ओढावी लागली. पोर रडली नाही. "बरं," एवढंच म्हणाली आणि कागद गोळा करून केराच्या डब्यात टाकून आली. आई आत गेली आणि यंत्र जोरात सुरू झालं. टेबलावरून पडद्याची फट दिसत होती. यंत्रात कापड नव्हतं, दोराही ओवलेला नव्हता. आई नुसतंच पायडल मारत होती आणि पदर तोंडाशी धरून रडत होती. पोरीने ते पाहिलं. ती जागची उठली मात्र नाही.

त्या दिवसापासून घरात तीनच शब्द उरले: हो, नको, जेवले. आईला वाटलं, पोरीने डूक धरला. पोरीला कसं बोलावं ते कळेना. आपल्या माणसाशी अबोला धरणं सोपं असतं, सोडायला मात्र कुणीतरी आधी तोंड उघडावं लागतं. तिने तोंड उघडलं नाही, पण लिहायचं थांबवलंही नाही. नवी वही आणली तर आईच्या नजरेस पडेल, म्हणून तिने माझ्या समासात लिहायला सुरुवात केली. बारीक टोकाची पेन्सिल आणि मुंगीएवढी अक्षरं. मी शहारले, कारण पाटी मला पाठ होती. पण जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्याशी बोलत होतं, तेव्हा तक्रार कशी करणार?

माझ्या एकशे तेराव्या पानावर गवंडी एकदा घरापर्यंत येतो. आतून बायकोचा खोकला ऐकतो, दाराशी उभा राहतो आणि दार न वाजवताच परत फिरतो. तिने वरच्या मोकळ्या जागेत लिहिलं, 'दार वाजवावं. फार तर ओरडा बसेल.' मग पेन्सिल चावत थोडा वेळ बसली आणि त्याच पानाच्या उजव्या समासात, छापील मजकुराला चिकटून, आणखी पाच ओळी लिहिल्या. त्या ओळी मी पुढे सांगेन.

त्याच आठवड्यात तिला ताप भरला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यावं लागलं. मला परत करायची तारीख झाली होती, म्हणून शेजारच्या मावशींनी मला वाचनालयात नेऊन दिलं आणि पोर फार आजारी असल्याचं सरांच्या कानावर घातलं.

सरांनी मला रुमालाने पुसलं, चाळलं आणि त्यांचा हात थांबला. अक्षर कुणाचं ते त्यांनी ओळखलं. नियमाप्रमाणे तिचं नाव कमी करायला हवं होतं. ते बराच वेळ पाटीकडे बघत राहिले. "पोर तिकडे तापाने फणफणतेय," ते स्वतःशीच म्हणाले, "आणि मी इथे तिचं नाव कापत बसू?" पुस्तक बांधणीला द्यायला झालंच होतं. बांधणीत कडा कापल्या जातात. लिहिलेलं निघून जाईल, पुस्तक स्वच्छ होईल, कुणाला कळणार नाही आणि पोरीचं नाव राहील. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचू नये, हा त्यांच्यावरचा संस्कार, म्हणून त्यांनी एक ओळही वाचली नाही. मित्रांनो, माझ्यावर जे झालं ते दुष्टपणाने झालं असतं तर मी निदान शिव्या तरी दिल्या असत्या.

त्यांनी स्वतः मला शेजारच्या गल्लीतल्या बाइंडरकडे नेलं. "कटिंगला हात राखू नकोस," ते म्हणाले, "कडा अगदी कोऱ्या निघाल्या पाहिजेत." बाइंडर कसबी माणूस होता. त्याने माझी जुनी शिवण सोडवली, नवी घातली, आणि मला यंत्राच्या पात्याखाली दाबून तिन्ही बाजूंनी बोटभर कापलं. तपकिरी पुठ्ठा चढवला. कातरण पोत्यात गेलं. तापाच्या अकराव्या दिवशी पोर गेली, तेव्हा माझा डिंक अजून ओला होता.

पंधरा दिवसांनी आई वाचनालयात आली. मी नटूनथटून सरांच्या टेबलावर होते.

"पुलाचं पुस्तक आहे का?" तिने विचारलं. "शेवटी शेवटी तिला बोलवत नव्हतं. पण एकदा म्हणाली, एकशे तेरा नंबरचं पान बघ, तुझ्यासाठी लिहिलंय. मला वाटलं, तापात बरळतेय."

सर उभे राहिले. त्यांनी मला तिच्यापुढे सरकवलं. तिने पान काढलं आणि बोट ठेवून, एकेक ओळ मोठ्याने वाचली.

"मला आईचा राग. तिला वाटतं मी. रागावले. ती आत जाऊन. हे पान तिला."

"ताई, पुढे होतं काहीतरी. बांधणीत कापलं गेलं," सर म्हणाले.

"काय होतं?"

"मी वाचलं नाही."

"वाचायचं होतं हो," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने.

ती मला घेऊन तशीच बाइंडरकडे गेली. सर मागोमाग. बाइंडरने पान बघितलं, सरांकडे बघितलं आणि खाली मान घातली. "कातरणाचं पोतं सोमवारी लगद्याला गेलं, ताई," तो म्हणाला. तरीही ती यंत्राखाली वाकली, कोपऱ्यात अडकलेल्या चार-सहा पट्ट्या काढून उजेडात धरल्या. कोऱ्या होत्या.

आपल्या भाषेची एक खोड आहे, मित्रांनो. 'राग येतो' म्हणा किंवा 'राग येत नाही' म्हणा, वाक्य निघतं सारखंच. खरं काय ते शेवटच्या शब्दाला कळतं. उजव्या पानाची कड कापली की ओळीचा शेवट जातो. पात्याला काय ठाऊक, त्याने तिचे सगळे 'नाही' नेले. तिने लिहिलं होतं ते असं:

'मला आईचा राग आता येत नाही.
तिला वाटतं मी बोलत नाही म्हणजे
रागावले, तसं नाही. वही फाडून
ती आत जाऊन रडली, मी पाहिलं.
हे पान तिला धीर झाला की दाखवीन.'

सरांनी मला आईला देऊन टाकलं आणि नोंदवहीत 'गहाळ' लिहिलं. पाटी अजून तिथेच आहे म्हणतात, पण ते आता ती कुणाला वाचून दाखवत नाहीत. मी त्या टेबलावर असते, जिथे पूर्वी वही असायची. एकदा मावशी आल्या होत्या. "राग मनात ठेवून गेली माझ्यावर," आई म्हणाली.

"लेकरं मनात ठेवत नाहीत गं काही," मावशी म्हणाल्या.

"मनात नाही ठेवला. लिहून ठेवला. हे बघा." आणि तिने त्या तीन शब्दांवर बोट ठेवलं.

पुस्तकं जपा, त्यात लिहू नका, अशी विनंती करून माझ्या जातीची मंडळी रजा घेतात. मी वेगळं मागते. कुणाचा राग आला असेल तर खुशाल कागदावर लिहा. तो कापला, फाटला, भिजला तरी कुणाचं काही जात नाही. पण राग गेला असेल, तर ते लिहून ठेवू नका. हातातलं काम टाकून उठा, पडदा सरकवा आणि तोंडाने सांगा. लाज वाटते, हे मला माहीत आहे. तिलाही वाटली होती.

रोज दुपारी आई यंत्र थांबवते आणि मला हातात घेते. इतक्या वेळा उघडलं आहे की आता मी आपोआप एकशे तेराव्या पानावरच उघडते. ती बोट ठेवून पहिले तीन शब्द वाचते. पुढचे तीन मला पाठ आहेत. मी ते म्हणते, आणि ती मला मिटून ठेवते.