शेजारच्या काकूंचं नायट्रेट

मित्रांनो, मी सांडपाण्याच्या टाकीतला एक जुना जीवाणू आहे. जुना म्हणालो खरा, पण वय विचारलंत तर माझी पंचाईत होईल. आमच्यात म्हातारं होण्याची पद्धतच नाही. पोटभर खायचं, लांब व्हायचं आणि मधोमध दुभंगून दोन व्हायचं. मग त्यातला बाप कोण आणि लेक कोण? पहिल्यांदा दुभंगलो तेव्हा मी इतका हादरलो, की शेजारच्यालाच विचारलं, "अरे, मी कुठे गेलो?" तो म्हणाला, "मी तूच की." तेव्हापासून मी सांगतो ती गोष्ट आम्हा सगळ्यांचीच समजा.

आमची टाकी शहराच्या कडेला आहे. घराघरांतलं मोरीचं, न्हाणीचं, संडासाचं पाणी पाइपांतून इथे येतं. नाक मुरडू नका! तुम्ही टाकता तेच आमचं ताट. आम्ही ते खातो म्हणून पाणी निवळतं. बाहेरच्या खोलीत एक मोठा ब्लोअर घरघरतो आणि त्याची हवा टाकीच्या तळातून बारीक बुडबुड्यांनी वर येते. आम्हाला डोळे नाहीत, पण ब्लोअरची घरघर आणि काठावरच्या माणसांचं बोलणं पाण्यातून थेट अंगात शिरतं. त्यामुळे बातम्या सगळ्या कळतात.

माझ्या पोटात एक लांबलचक धागा आहे. तुमच्या पुस्तकात त्याला डीएनए म्हणतात. जगण्याच्या सगळ्या कृती त्यावर लिहिलेल्या आहेत. एक कृती म्हणजे एक जनुक. हवा असताना अन्न कसं जाळायचं याच्या कृती वेगळ्या आणि हवा नसताना कसं भागवायचं याच्या वेगळ्या. सगळ्या एकदम उघडून बसलो तर दमूनच मरेन. म्हणून कोणती कधी उघडायची हे पाहायला माझ्याकडे पहारेकरी आहेत. प्रत्येक पहारेकऱ्याच्या अंगात लोखंडाची आणि गंधकाची एक नाजूक गाठ असते. आणि ऐका, प्राणवायू लागला की ती गाठ तुटते! हे कळलं तेव्हा मी चाटच पडलो. हा कसला पहारेकरी, जो हवेच्या झुळकीने मोडून पडतो? पण त्याची कामाची तऱ्हाच तशी आहे. तो मोडलेला आहे तोवर बिनहवेच्या कृती मिटलेल्या राहतात. हवा संपली की गाठी पुन्हा जुळतात, पहारेकरी जोडीने धाग्यावर जाऊन बसतात आणि त्या कृती उघडतात.

मी राहतो त्या गाळाच्या गोळ्याला अगदी माझ्या शेजारी एक काकू चिकटून होत्या. त्यांची जात वेगळी. त्यांचं खाणं म्हणजे पाण्यातला झोंबरा अमोनिया, ज्याने मासे तडफडतात. तो खाऊन काकू आणि त्यांच्या नात्यातली मंडळी त्याचं नायट्रेट करायची. कामाला भारी संथ. मी दिवसातून कितीदा तरी दुभंगायचो, काकूंचं दुभंगणं म्हणजे वाट बघून कंटाळा यायचा. मी चिडवायचो, "काय काकू, आज तरी दोन होताय का?" त्या म्हणायच्या, "तुझं पोट भरलंय ना? मग गप बस." त्यांचं ते नायट्रेट इकडे तिकडे तरंगत असायचं. मला त्याचा काही उपयोग नव्हता. मी त्याला अडगळ म्हणायचो.

टाकीची सगळी देखभाल ज्यांच्याकडे होती त्यांना सारे मामा म्हणत. स्वच्छ झालेलं पाणी पुढच्या तळ्यात जायचं, आणि त्या तळ्यात मामांची मुलगी मासे पाळणार होती. पाहुणे आले की मामा काचेच्या भांड्यात आमचं पाणी धरून म्हणायचे, "बघा, आरपार दिसतंय की नाही?" अशा वेळी आम्ही सगळे फुगून जायचो.

एका सकाळी मामा प्राणवायू मोजणारी कांडी धुवायला आले. ही कांडी टाकीत बुडलेली असते. ती जो आकडा सांगेल त्याप्रमाणे ब्लोअर आपोआप चालू-बंद होतो. मामांनी तिच्यावरचा गाळ फडक्याने पुसला, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलीचा आवाज इतका मोठा होता, की आम्हालाही ऐकू आला.

"बाबा, पिल्लं आली! सोडली तळ्यात! कसली चमकतायत, लवकर या ना!"

"आलो, आलो, हा निघालोच!" म्हणत मामा गेले. कांडी राहिली कठड्याला लटकत, मोकळ्या हवेत. मोकळ्या हवेत प्राणवायूला काय तोटा? कांडीने सांगितलं, भरपूर आहे. ब्लोअरने ते खरं मानलं आणि तो बंद पडला. पुढच्या पाळीचा माणूस खोलीतल्या पडद्यावर आकडा पाहत राहिला. आकडा झकास होता.

घरघर थांबली. बुडबुडे थांबले. आधी वाटलं, थांबतो कधीकधी, होईल सुरू. पण तो होईना, आणि माझं धाबं दणाणलं. पायाखालची जमीन सरकली म्हणालो असतो, पण मला पाय नाहीत. उरलासुरला प्राणवायू आम्ही बघता बघता संपवला. मग माझ्या पोटात गाठी जुळू लागल्या. पहारेकरी उठले, धाग्यावर बसले, कधी न वापरलेल्या कृती भराभर उघडल्या आणि मी वेगळ्याच तऱ्हेने श्वास घेऊ लागलो. हे सगळं मला न विचारता झालं. मी स्वतःकडेच थक्क होऊन पाहत होतो.

"काकू, सुटलो!" मी ओरडलो. "तुम्हीही उघडा की तुमच्या कृती!"

"कुठल्या कृती?" काकूंचा आवाज बारीक झाला होता. "आमच्याकडे हवेचीच एक आहे रे."

माझा विश्वासच बसेना. इतकी वर्षं शेजार, आणि मला हे माहीतच नव्हतं! मी त्यांना हाका मारत राहिलो. थोड्या वेळाने त्या ओ देईनाशा झाल्या. अमोनिया तसाच पडून राहिला आणि पाण्याबरोबर तळ्याकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या ताई पाणी तपासायला आल्या. पाण्यात तपासणीच्या औषधाचा थेंब टाकला आणि त्या किंचाळल्याच.

"मामा! हा रंग बघा. एवढा अमोनिया? आणि मीटर म्हणतोय हवा भरपूर, मग टाकीत एक बुडबुडा का नाही?"

मामांची पावलं कठड्याकडे धावली. कठड्यावर काहीतरी खडखडलं, आणि कांडी धपकन पाण्यात पडली.

"अरे देवा," मामा म्हणाले. एवढंच. मग त्यांनी फोन लावला, "बेटा, तळ्यात येणारं पाणी आधी बंद कर. का ते नंतर सांगतो. पळ!"

ब्लोअर घरघरला. हवा आली, माझ्या गाठी तुटल्या, पहारेकरी गळून पडले, बिनहवेच्या कृती मिटल्या आणि हवेच्या पुन्हा उघडल्या. तळ्यात पाणी शिरतं त्या तोंडाजवळची काही पिल्लं उलटी झाली होती, बाकीची वाचली. मामा काठावर बसून होते.

"सगळं मेलं का हो ताई?"

"निम्मे जीवाणू तगले. हवा नसली की ते नायट्रेटवर श्वास घेतात. पण मामा, ते नायट्रेट बनवणारेच जास्त गेलेत."

मित्रांनो, मी सुन्न झालो. दिवसरात्र मी ज्यावर जगलो ती काकूंची अडगळ होती. त्या माझ्या शेजारी गुदमरत होत्या, आणि मी त्यांच्याच कष्टाचा श्वास घेऊन त्यांना सुटलो म्हणून सांगत होतो.

आता मामा कांडी धुताना फोन घेत नाहीत. वाजू देतात. तुम्हीही कोणाच्या श्वासाची वस्तू हातात घेतलीत, तर आधी ती जागेवर ठेवा. आणि शेजारी निमूट काम करणारं कोणी असेल, तर त्याला हवा मिळते आहे ना, एवढं विचारत जा.

बऱ्याच दिवसांनी आमच्या गोळ्यात, काकूंच्या जागी काहीतरी हललं. फार हळू. मी श्वास रोखून हाक मारली, "काकू?"

"तू होय," काकू म्हणाल्या. "हवा नव्हती तेव्हा तुझं पोट भरलं ना रे?"