एका बाथरूमच्या दोन जन्मकथा

“काका, न मोडलेली वस्तू दुरुस्त कशी करतात हो?”

हा प्रश्न आमच्या टोळीचा. विचारून दाखव, नाहीतर यापुढे फुशारक्या बंद, असं मधल्या सुट्टीत ठरलं होतं. मी विचारला. बाबांच्या करसल्लागार काकांना, त्यांच्या तोंडात अर्धं बिस्किट असताना.

टेबलावर वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची बिलं पसरली होती. वर माझी मैत्रीण चिऊ आणि तिची शिवणकाम करणारी आई भाड्याने राहतात. त्यांचं जुनं बाथरूम चांगलं ठणठणीत होतं. बाबांनी ते उखडून चकचकीत फरशी, गीझर आणि काचेचं दार बसवलं. मागितलं कुणी? कुणीच नाही.

“बाळा,” काका घास गिळून म्हणाले, “दुरुस्तीचा खर्च याच वर्षी भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो, म्हणजे कर कमी. सुधारणा म्हटली की तोच खर्च कितीतरी वर्षं थोडाथोडा वजा होत बसतो.”

“म्हणून कागदावर ही दुरुस्ती?”

“एक फरशी तडकली होती ना!” बाबा म्हणाले.

एक फरशी! म्हणजे एक केस पिकला म्हणून डोकंच नवीन आणायचं.

“मग परवा चिऊच्या आईला काय म्हणालात? ‘वहिनी, एवढी सुधारणा केलीय, आता भाडं वाढणारच.’”

बाबा पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता.

“मोठ्यांच्या मध्ये तोंड घालू नकोस,” आई म्हणाली. आमच्या घरात मोठ्यांचं पितळ उघडं पडायला लागलं की माझं वय झपाट्याने कमी होतं.

“मी काही ऐकलं नाही हं,” काका म्हणाले आणि त्यांनी दुसरं बिस्किट उचललं. एवढे मोठे कान, पण काय सोयीचे!

वाढीव भाडं परवडत नाही म्हणून चिऊ महिनाअखेरीला गावाबाहेर मामाकडे राहायला जाणार आहे. शाळाही सुटणार. आणि हे तिघं बिस्किटं खातायत.

“अगं, तुझ्याच भविष्यासाठी करतोय सगळं,” बाबा पुटपुटले.

“माझं भविष्य खोट्यावर बांधू नका, तडकेल.”

मी उठले.

“माझं ठरलंय. मी आत्ता वर जाऊन सांगणार, की बाबांनी फक्त दुरुस्ती केलीय आणि दुरुस्तीपायी भाडं वाढत नसतं. सुधारणाच म्हणायची असेल, तर आधी काकांना कराच्या कागदांत तसं लिहायला सांगा. चप्पल घालेपर्यंत वेळ आहे तुम्हाला.”