मेणखडूंचे तुकडे

बालवाडीत शिकवणाऱ्या लिआव पेइरोंगनं नवी कोरी पेटी उघडली आणि मेणखडू मोडायला घेतले. लाल खडूचे तीन तुकडे, निळ्याचे तीन. पंधरा दिवसांतली ही तिसरी पेटी होती, आणि तिन्ही एकाच मुलीच्या घरून आलेल्या.

श्ये यूशान सहा वर्षांची. उन्हाळा संपला की पहिलीत जाणार आणि दुसऱ्या दिवसापासून चौकटीत अक्षरं लिहिणार. पण तिच्या बोटांत जोरच नव्हता. डब्याचं झाकण तिला उघडत नसे. खडू ती मुठीत काठीसारखा धरायची आणि रेघ अशी ओढायची, जणू कागदाला दुखेल. याला इलाज होता, तोही साधा. लांब खडू मुठीत मावतो. सुपारीएवढा तुकडा मुठीत हरवतो, मग अंगठ्याला आणि दोन बोटांना पुढे यावंच लागतं. म्हणून पेइरोंगनं तुकडे केले, अननसाच्या चित्राबरोबर घरी पाठवले, आणि संपर्कवहीत लिहिलं, ‘यूशानला एकटीनं रंगवू द्या.’

दुसऱ्या दिवशी अख्खी नवी पेटी आली. वहीत यूशानच्या आजीचं, आमाचं, अक्षर: ‘नातीनं शाळेचे खडू मोडले. फार शरम वाटली. तिला रागावले आहे.’ आणि अननस असा रंगवलेला, की सालीवरच्या प्रत्येक डोळ्याला वेगळी सावली.

पेइरोंगनं लिहिलं, ‘खडू मीच मोडले. मुद्दाम.’

उत्तर आलं, ‘लिआवबाई, तुम्ही मनानं मोठ्या. पोरीची चूक स्वतःच्या अंगावर घेता.’ सोबत दुसरी पेटी, पहिलीहून मोठी, आणि पेरू.

मग तिनं फोन केला. आमा हसली. “कळलं बाई, कळलं. तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत.” सकाळी तिसरी पेटी हजर.

चार वाजता आमाची स्कूटर फाटकाशी थांबली, तेव्हा पेइरोंग आधीच बाहेर उभी होती.

“आमा, जरा आत या.”

“आत कशाला? गाडी चालू आहे.”

“बंद करा.”

वर्गात यूशान भिंतीसमोर उभी होती. माशाचं चित्र भिंतीवर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवलेलं.

“टेबलं विकलीत की काय?” आमानं विचारलं.

“भिंतीवर रंगवताना मनगट आपोआप मागे वाकतं. जोर खांद्यातून येतो.”

“खांद्यातून! पोरगी आहे का बंदरावरचा हमाल?”

यूशाननं निळा तुकडा चिमटीत धरला. पहिली रेघ माशाच्या पोटात राहिली, दुसरी शेपटीवरून थेट पांढऱ्यात गेली. आमाचा हात पुढे आला. पेइरोंगनं तो बाजूला केला. पुन्हा रेघ बाहेर, पुन्हा हात पुढे. तिसऱ्या वेळी पेइरोंगनं त्याच हातात एक तुकडा कोंबला.

“धरा.”

आमानं धरला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. हात दगडासारखा स्थिर.

“कुणी शिकवलं असं धरायला?”

“शिकवतंय कोण! घरी बाहुल्या यायच्या, परदेशी जाणाऱ्या. मी त्यांचे डोळे रंगवायचे. सात वर्षांची होते. भुवई केसभर हलली की कारखान्याचा माणूस टोपलीच्या टोपली परत करायचा.”

“तेव्हा आई तुमचा हात धरायची?”

“तिला कुठली सवड? ती ओठ रंगवत होती.” आमा तुकड्याकडे बघत राहिली. मग चिडून म्हणाली, “ते दिवस वेगळे. हिला काय बाहुल्या रंगवायच्या आहेत?”

“नाही. नाव लिहायचंय. तुमच्या ‘श्ये’ आडनावालाच सतरा रेघा आहेत, आमा. त्या कोण ओढणार? तुम्ही पहिलीच्या वर्गात बाकाखाली लपून बसणार आहात?”

यूशान खुदकन हसली. “आमा मावणार नाही.”

“तू गप गं.” आमानं तुकडा टेबलावर ठेवला. “आणि असं वाकडंतिकडं किती दिवस चालायचं?”

“मला माहीत नाही.”

“बाई असून माहीत नाही?”

“हात तिचा आहे. पण तुम्ही रंगवत राहिलात, तर तो आहे तिथंच राहील, हे मला नक्की माहीत आहे.”

आमानं हेल्मेट डोक्यावर चढवलं. “खडू मोडायचे म्हणे. शाळा आहे का काय!” असं पुटपुटत तिनं नातीला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. पेइरोंगनं कपाळाला हात लावला. सहा वर्षांच्या मुलीला उचलून ठेवायचं!

सकाळी दप्तरात पेटी नव्हती. घरी दिलेल्या चित्रातलं बदक एका बाजूनं निम्मंच रंगलं होतं, दुसऱ्या बाजूनं पिवळा रंग रेघ ओलांडून पार कडेपर्यंत गेला होता. पंखापाशी कागदाला भोक. वहीत लिहिलं होतं: ‘हे मी केलेलं नाही. इतकं घाणेरडं काम माझ्या हातून जन्मात झालेलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले होते. पाऊण तास.’

पेइरोंगनं कागद उलटा केला आणि पाठीवरून बोट फिरवलं. प्रत्येक रेघ बोटाला लागत होती.